हवेच्या आघाड्या आणि आपली गारपीट

शीत व उष्ण अशा दोन भिन्न प्रकृतींच्या हवा एकमेकींत लवकर मिसळत नाहींत. त्यांच्या सीमेस आघाडी म्हणतात. युद्धभूमीवरील हें नांव नॉर्वेंतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनीं पहिल्या महायुद्धानंतर रूढ केलें. थंड हवा जड असल्यामुळें ती चाल करून आली म्हणजे उष्ण हवेखालीं पाचरेप्रमाणें शिरते व तिला वेगानें वर लोटते. त्यामुळें उंच मेघ जमून गडगडाटासह जोराची सर येते. उलट उष्ण हवा पुढें सरकल्यास ती थंड हवेवर हळूहळू चढते व संथ पाऊस पुष्कळ वेळ पडतो. हे प्रकार विशेषतः युरोपासारख्या समशीतोष्ण प्रदेशांतील होत.

महाराष्ट्रांत अशी स्पष्ट आघाडी सहसा येत नाहीं. तथापि उन्हाळ्याच्या तोंडीं उंचावर पश्चिमेकडील थंड, कोरडे वारे व खालीं समुद्रावरील दमट वारे अशी गांठ पडली, कीं गारा पडण्याचा संभव असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारपिटीनें गहूं, हरभरा व द्राक्षें यांची अपरिमित हानि झाली. यास्तव त्या दिवसांत वेधशाळेची सूचना मिळतांच पक्व पीक काढून सुरक्षित जागीं झांकून ठेवावें, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.