सोलून निघतो, पण कधी? गाडीवरच्या रबरी स्प्रेचे गैरसमज

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात चार उन्हाळे उघड्यावर काढलेली गाडी तिच्या काळ्या प्लॅस्टिकवरून ओळखू येते. पत्र्याचा रंग अजून चकाकत असतो, पण बंपरची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, आरशांची बूडं आणि वायपरखालची जाळी राखेच्या रंगाची झालेली असते. पत्र्याच्या रंगावर पारदर्शक लेप असतो आणि तो अतिनील किरण अडवतो. उघड्या प्लॅस्टिकला तसलं पांघरूण नसतं, त्यामुळे त्याचा वरचा पापुद्रा उन्हाने भुसभुशीत होत जातो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो. त्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याची धूळ, आणि गाडी केळीच्या मळ्यात नेली की चिकाचे तपकिरी डाग. पुढच्या जाळीवरचं क्रोमसुद्धा काही वर्षांत ठिपक्याठिपक्यांनी काळवंडतं.

या सगळ्यावर तोडगा म्हणून गेल्या काही वर्षांत एक डबी गावोगाव पोहोचली आहे. काळा, बिनचमकीचा, रबरासारखा स्प्रे. मारायचा, कंटाळा आला की सोलून काढायचा, खाली मूळचं सगळं जसंच्या तसं. या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं ‘प्लास्टी डिप’. १९७२ पासूनचं हे उत्पादन मुळात पक्कड-पान्यांच्या मुठी बुडवून त्यांच्यावर रबरी आवरण चढवण्यासाठी होतं. गाड्यांवर ते बऱ्याच उशिरा आलं. आता त्याच धर्तीचे इतर कंपन्यांचे स्प्रेही मिळतात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत सगळेच एका झटक्यात, अखंड सोलून निघतात. व्हिडिओ खोटे नसतात. पण तसं निघण्यासाठी आधी काय केलं होतं, ते त्यांत क्वचितच दिसतं.

“स्प्रे म्हणजे स्प्रे, रंगच तो”

ड्यूकोचा रंग आणि हा स्प्रे यांत मूळ फरक आहे. आजकाल बॉडीशॉपमध्ये गाडीला मारतात तो रंग हार्डनरबरोबर रासायनिक क्रिया होऊन कडक होतो आणि पृष्ठभागाला घट्ट धरतो. रबरी स्प्रेमध्ये अशी क्रिया होत नाही. रबरासारखं पॉलिमर टोल्युइन, नॅफ्था अशा द्रावकांत विरघळवलेलं असतं. द्रावक उडून गेलं की मागे लवचीक पापुद्रा उरतो. तो पृष्ठभागाला नुसता बिलगलेला असतो, म्हणून सोलता येतो.

यातूनच त्याचा सगळ्यात मोठा दोषही कळतो. जे द्रावकात विरघळलं होतं, ते पुन्हा तसलंच द्रावक लागलं तर पुन्हा विरघळतं. पेट्रोल हे तसलंच द्रावक. पंपावर टाकीच्या झाकणाजवळ चार थेंब सांडले तरी तिथला लेप फुगतो, सुरकुततो, बोटाला चिकटतो. आपल्याकडे प्लॅस्टिकला चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा घासलेटचा फडका मारायची जुनी सवय आहे. लेप दिलेल्या भागावर हा फडका फिरला की झालं काम. आणि लेप देण्याआधी फिरलेला असेल तर आणखी वाईट: तेलाचा अंश प्लॅस्टिकच्या रंध्रांत बसतो आणि स्प्रे तिथे धरतच नाही. भांड्याच्या साबणाने दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवल्याशिवाय डबी उचलू नये. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं.

“पातळ मारा, म्हणजे काढायला सोपं”

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. ऐकायला इतका बरोबर वाटतो की दुकानदारही तो सांगतात. खरं अगदी उलट आहे. शाळेत असताना तळहातावर फेविकॉल वाळवून सोलला असेल, तर आठवा: जाड थर एकसंध निघायचा आणि पातळ थर नखाने खरवडत बसावा लागायचा. रबरी लेप सोलून निघतो तो त्याच्या स्वतःच्या ताकदीवर. एका टोकाला ओढलं की ताण पूर्ण पापुद्र्यातून पुढे जायला हवा. पापुद्रा पातळ असला की तो पृष्ठभाग सोडण्याआधी स्वतःच तुटतो.

म्हणून किमान पाच हात. पहिला अगदी हलका, खालचं क्रोम अर्धंमुर्धं दिसत राहील इतका. तो पुढच्या थरांना धरायला आधार देतो. त्यानंतरचे हात ओलसर, भरलेले, पण ओघळ येणार नाही असे. डबी पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटरवर. दोन हातांमध्ये वीस मिनिटं ते अर्धा तास. कडांवर हात सगळ्यात जास्त भरलेला असला पाहिजे, कारण सोलायला सुरुवात तिथूनच होते आणि पाण्याचा मारही आधी तिथेच बसतो. पैसे वाचवायला एका डबीत जाळी, आरसे आणि चारही दारांच्या पट्ट्या उरकणारा माणूस खरं तर न निघणारा लेप देत असतो.

अगोदरच पातळ मारून बसला असाल तर त्यावरही उपाय आहे. त्याच लेपावर पुन्हा दोन-तीन भरलेले हात द्यायचे, रात्रभर वाळू द्यायचं आणि मग जुना-नवा सगळा एकत्र सोलायचा. खरवडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. कडेला उरलेले कण डब्ल्यूडी-४०ने मऊ होऊन पुसले जातात.

मास्किंग टेपचंही असंच. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढायची. वाळल्यावर काढली तर टेपबरोबर लेपाची कडही उचलली जाते. कंपनीच्या चिन्हाभोवती तर टेप कापत बसायची गरजच नाही. चिन्हावर आणि आजूबाजूच्या रंगावर बिनधास्त मारायचं. वाळल्यावर चिन्हाभोवतीचा फालतू भाग सोलून टाकायचा, कडेवर तो आपोआप सुटतो. अर्थात भोवतालचा रंग कंपनीचा हवा. ठोकाठोकीनंतर स्वस्तात एन.सी. (नायट्रोसेल्युलोजचा) रंग मारलेला असेल तर स्प्रेमधलं द्रावक त्याला सुरकुत्या पाडू शकतं आणि सोलताना तो रंगही लेपाबरोबर हातात येऊ शकतो. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे आधी तपासावं. आपल्या गाडीचं कुठलं मडगार्ड दुसऱ्यांदा रंगवलेलं आहे, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं.

“कुठल्याही प्लॅस्टिकवर चालतो”

चढतो सगळीकडे. सुटेलच असं नाही. क्रोमचा मुलामा दिलेली गुळगुळीत पट्टी, रंगवलेला गुळगुळीत भाग, चिन्हं, मिश्रधातूची चाकं, इथे तो उत्तम सुटतो. बंपरचं आणि कमानींचं काळं, खरखरीत, दाणेदार प्लॅस्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन जातीचं असतं. त्या दाण्यांच्या खाचांत लेप उतरून बसतो. सोलताना वरचा भाग येतो आणि खाचांत काळे ठिपके राहतात. त्यात ते प्लॅस्टिक उन्हाने भुसभुशीत झालेलं असेल तर खाली धरायला नीट पायाच नसतो.

माझं मत स्पष्ट आहे: पांढुरक्या पडलेल्या दाणेदार प्लॅस्टिकसाठी हा स्प्रे घेऊच नये. त्यासाठी प्लॅस्टिकचा रंग परत आणणारी वेगळी द्रवं मिळतात, नाहीतर बंपरचा कायमस्वरूपी रंग तरी मारावा. सोलता येणारा स्प्रे क्रोमसाठी राखून ठेवावा. गंमत अशी की सावद्यात लोक तो घेतात मुख्यतः पांढुरक्या प्लॅस्टिकसाठीच.

आणि काही भागांवर तो अजिबात नको. दिव्यांच्या काचा आता काचेच्या नसतात, पॉलिकार्बोनेटच्या असतात, आणि द्रावकाने त्यांत बारीक भेगांचं जाळं उमटू शकतं. मागे घेताना टिकटिक करणारे गोल सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात. त्यांच्यावर रबराचा थर बसला की ते बहिरे होतात. काही नव्या गाड्यांत समोरच्या चिन्हामागे किंवा जाळीत रडार असतं. तिथे हात लावण्याआधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि पिकअपला लावलेल्या परावर्तक पट्ट्यांवर उडालेला स्प्रे रात्रीच्या रस्त्यावर जिवावर बेतू शकतो. केळीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात किती ट्रॉल्या रस्त्यावर असतात, हे इथे कुणाला सांगायला नको.

“खानदेशातलं ऊन म्हणजे फुकटची भट्टी”

वाळवायला ऊन चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मेच्या दुपारी काळी पट्टी हात लावू नये इतकी तापलेली असते. अशा वेळी थेंब पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्यातलं द्रावक उडून जातं. थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि वाळूच्या कागदासारखा रेताड थर बसतो. तो ना नीट दिसतो ना नीट सुटतो. वर पश्चिमेचा वारा निम्मा स्प्रे शेजारच्या गाडीवर नेतो. पावसाळ्यात उलट त्रास. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळा लेप पांढुरका धुरकट दिसतो.

सावद्याच्या हवामानात दिवाळीच्या आसपास ते फेब्रुवारीपर्यंतची सकाळ, दव उडाल्यावर, सावलीत, वारा नसताना. लेप चार तासांत हाताला कोरडा लागतो, तरी पूर्ण बसायला एक दिवस द्यावा आणि गाडी धुवायला आठवडाभर थांबावं. पुढेही सर्व्हिस सेंटरवर जोरदार पाण्याची नळी कडांवर जवळून मारू देऊ नये.

उन्हाचा दुसरा, जास्त गंभीर मुद्दा डबीबद्दलचा. तिच्यात दाबाखाली ज्वलनशील वायू असतो आणि ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका, असं वेष्टनावर छापलेलं असतं. मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हा आकडा सहज ओलांडला जातो. उरलेली डबी डिकीत टाकून विसरणारे पुष्कळ आहेत. ती फुटू शकते. रिकामी वाटणारी डबीही कचऱ्याच्या पेटत्या ढिगात टाकू नये. मुंबई-सुरतेहून येताना ती रेल्वेत बॅगेत घालूनही आणू नये. १९८९च्या रेल्वे कायद्याला ज्वलनशील माल सोबत नेलेला चालत नाही.

“तोंडाला रुमाल बांधला की झालं”

धुळीसाठी रुमाल ठीक आहे. टोल्युइनची वाफ कापडातून आरपार जाते. डोकं जड होणं आणि मळमळ ही तिची पहिली चिन्हं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद शेडमध्ये जमिनीलगत साचते, आणि तिथेच कुणीतरी बिडी पेटवतो. वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क नसेल तर मोकळ्या, सावलीच्या जागी काम करावं आणि आसपास ज्योत नसावी.

“गंज थांबतो, ओरखडे झाकले जातात, आणि आरटीओचा काही संबंध नाही”

ओरखडे झाकले जात नाहीत, बिनचमकीच्या काळ्या थराखाली ते उलट ठसठशीत दिसतात. गंज लागलेल्या जागी लेप दिला तर कडेतून शिरलेलं पाणी आत अडकतं आणि खाली गंज सुखाने पसरत राहतो. बारीक खड्यांपासून थोडं संरक्षण मिळतं, ते खरं. टिकण्याचं म्हणाल तर तीन वर्षांपर्यंतचे दावे केले जातात. उघड्यावर लागणाऱ्या सावद्यातल्या गाडीसाठी मी दोन उन्हाळेच धरीन. त्यानंतर लेप कडक होतो आणि तुकड्या-तुकड्यांनी सुटायला लागतो, म्हणून तो धड असतानाच काढलेला बरा. सकाळच्या कोवळ्या उन्हात गाडी कोमट झाली की लेप जास्त लवचीक होतो आणि सोलायला सोपा जातो.

आरटीओचा संबंध कुठे येतो, ते मात्र नीट पाहावं. क्रोमची पट्टी, चिन्ह किंवा जाळी काळी केल्याने नोंदणी पुस्तकातला गाडीचा रंग बदलत नाही. पूर्ण गाडी पांढऱ्याची काळी केली, मग ती सोलता येणाऱ्या लेपाने का असेना, तर नोंदीतला तपशील आणि रस्त्यावरची गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ खाली ही अडचण उभी राहते, म्हणून आधी कार्यालयात विचारावं. दिव्यांना धुरकट छटा देणं आणि नंबर प्लेटवर काहीही फवारणं, दोन्ही दंडाला आमंत्रण. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना येणाऱ्या उच्च सुरक्षा नोंदणी पट्टीवर क्रोमियमचा होलोग्राम आणि परावर्तक थर असतो. जाळीला स्प्रे मारताना ही पट्टी आधी कागद-टेपने पूर्ण झाकून घ्यायची.