बंदूक तुमची, पण नळीला करवत लावायची नाही



पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा या तालुक्यांत कोयना-चांदोलीच्या जंगलाकडेला ज्यांचं रान आहे, त्यांना रात्रीची राखण सांगायला नको. भुईमूग भरत आला की डुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतो. म्हणून काही घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. पुष्कळदा ती ठासणीची आणि वडिलांच्या वेळची.

बंदूक जुनी झाली की घरात बोलणं निघतं, "नळी तोंडाशी गंजलीय, चार बोटं कापून टाकू. माळ्यावर चढताना अडते पण. लोहाराकडं करवत आहे, दहा मिनिटांचं काम."

बंधूंनो, हे दहा मिनिटांचं काम माणसाला तुरुंगात नेऊ शकतं. खुरप्याला नवी मूठ बसवा, कुऱ्हाडीचा दांडा आखूड करा, कोणी विचारणार नाही. बंदुकीचं तसं नाही. परवाना मिळतो तो बंदूक बाळगायचा. तिच्यात बदल करायचा परवाना वेगळा असतो आणि तो तुमच्याकडं नसतो.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. त्यातली तीन कलमं ध्यानात ठेवा.

कलम ६ : खास परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. खोट्या, दिखाऊ बंदुकीची खरी बंदूक करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका प्रकारच्या बंदुकीची दुसऱ्या प्रकारात बदली करायलाही याच कलमानं मनाई आहे.

कलम ५ : विक्रीसाठी बंदूक बनवणं, तसंच दुसऱ्याची बंदूक बदलून किंवा दुरुस्त करून देण्याचा धंदा करणं, याला परवाना लागतो. म्हणजे गावचा लोहार कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नव्हे.

कलम ८ : बंदुकीवर ठोकलेला नंबर, नाव किंवा खूण घासायची, पुसायची किंवा बदलायची नाही. गंज काढताना कानशीनं नंबर घासला जातो, तेव्हा जपून.

शिक्षा किती? नळी आखूड करण्याच्या गुन्ह्याला पूर्वी तीन ते सात वर्षं कैद होती. २०१९ पासून ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड, अशी आहे. परवान्याशिवाय बंदूक बदलून देणाऱ्या कारागिरालाही हीच शिक्षा आहे. तुमच्या सांगण्यावरून लोहाराचंही घर उघड्यावर येईल.

"वीस इंच ठेवली तर चालेल ना?"

हा प्रश्न हमखास येतो. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी परवाना देताना कायद्यात वीस इंच, म्हणजे एक फूट आठ इंच किंवा त्याहून लांब नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, हे खरं. पण तो परवाना देण्याबद्दलचा नियम आहे. तीस इंची नळी कापून सव्वीस इंच केली, तरी ती आखूड केलीच. कापायची सवलत त्यातून निघत नाही.

कायदा एवढा कडक का? आखूड बंदूक घोंगडीखाली लपते, आणि लपणारी बंदूक राखणीपेक्षा दरोड्याच्या कामाची. शिवाय आखूड नळीतून छरे लवकर पांगतात. डुक्कर निसटतं आणि शेजारच्या रानातला राखणदार सापडतो.

मग करायचं काय?

एक. साफसफाई आणि तेलपाणी घरी करा. त्यापुढची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडंच द्या. बंदूक देताना परवाना दाखवा आणि पावती घ्या.

दोन. नळी खराब असेल, तर ती बंदूक वापरू नका. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरत नसेल, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कलम १३ मध्ये आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करा. मात्र अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते.

तीन. परवानाधारक वारला, तर बंदूक आढ्याला टांगून ठेवू नका. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा. वारसानं आपल्या नावाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा.

चार. वाडवडिलांच्या हातून नळी आधीच कापली गेली असेल, तर लपवू नका आणि जोड देऊन आणखी गुंता करू नका. तालुका विधी सेवा समितीकडं किंवा वकिलाकडं आधी सल्ला घ्या आणि मग बंदूक जमा करा.

आणि एक गोष्ट विसरू नका. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याची लेखी परवानगी लागते. गवा तर पिकासाठी मारताच येत नाही. नुकसान झालं की वन खात्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा येईल. घरचा कर्ता माणूस सात वर्षं आत गेला, तर रान कोण कसणार? म्हणून नळीला करवत लावायची नाही. आज घरी गेल्यावर परवाना काढा, त्यावरचा नंबर बंदुकीशी ताडून पाहा आणि मुदत कधी संपते तेही वाचून ठेवा.