शंका विचारण्याची रीत

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती ज्या गीतेवरील टीका आहे, ती गीता प्रश्नोत्तरांतून उलगडत जाते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन केवळ ‘समजले नाही’ असे म्हणून थांबत नाही. कर्मापेक्षा ज्ञान श्रेष्ठ ठरविल्यावर पुन्हा युद्धाचीच आज्ञा कशी, ही विसंगती तो दाखवितो आणि निश्चित काय ते सांगावे, अशी विनंती करतो. काय ऐकले, कोठे अडले आणि काय हवे, या तिन्ही गोष्टी त्या प्रश्नात आहेत. आपल्या शाळांतील गणिताच्या गृहपाठालाही हीच रीत उपयोगी आहे.

‘गुरुजी, हे गणित येत नाही,’ एवढेच विद्यार्थ्याने म्हटले, तर शिक्षक बहुधा संपूर्ण गणित फळ्यावर सोडवून देतात. विद्यार्थी ते उतरवून घेतो. अडचण मात्र तशीच राहते.

एक उदाहरण घेऊ. ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढविली आणि नंतर ती २० टक्क्यांनी कमी केली. शेवटची किंमत किती? येथे विद्यार्थिनीने असे विचारावे: ‘मी १०० रुपये वाढविले व १०० रुपये कमी केले. माझे उत्तर ५०० आले. पुस्तकात ४८० आहे. माझी कोणती पायरी चुकली?’ या प्रश्नावरून दोष तात्काळ ध्यानी येतो. दुसऱ्या वेळचे २० टक्के ५०० चे नसून ६०० चे, म्हणजे १२० रुपये आहेत. मग शिक्षकांनी उत्तर सांगण्याऐवजी ‘दुसरे २० टक्के कशाचे?’ एवढेच विचारावे. पुढील वाट ती स्वतःच काढील.

यासाठी वहीत चार ओळी लिहिण्याची सवय लावावी: काय दिले आहे, काय काढावयाचे आहे, मी काय केले आणि कोठे अडलो. चौथी ओळ लिहिता लिहिताच अनेकदा शंका फिटते. मात्र चुकीची पायरी दाखविल्यास हसे होईल, ही भीती असेतोवर ही ओळ कोरीच राहील. घरी गणित समजावून देणारे कोणी नाही, अशा मुलांचे यात सर्वाधिक नुकसान होते. त्यांना विचारण्याचे ठिकाण शाळा हेच असते.

बालकांना भयमुक्त वातावरणात आपले विचार मोकळेपणाने मांडता यावेत, अशी अपेक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही व्यक्त झाली आहे. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पालकांसमवेत स्थानिक लोकप्रतिनिधीही असतात. समितीच्या बैठकीत इमारत व पटसंख्या यांबरोबरच, या महिन्यात मुलांनी कोणत्या शंका विचारल्या, याचीही चौकशी सदस्यांनी अगत्याने करावी. ज्या वर्गातून एकही शंका आली नाही, त्या वर्गाकडे प्रथम लक्ष द्यावे.