पन्हळीचे पाणी परसात मुरवणारी पर्जन्यबाग

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की अनेक वाड्यांवरील विहिरींचा तळ दिसू लागतो. छपरावरचे पाणी पन्हळीतून थेट काँक्रीटच्या अंगणात, तेथून गटारात आणि व्हाळात जाते; ते जमिनीत मुरायला उसंतच मिळत नाही. ही उसंत देणारा साधा घरगुती उपाय म्हणजे पर्जन्यबाग.

पर्जन्यबाग म्हणजे तळे नव्हे. तो झाडे लावलेला उथळ खड्डा असतो. माडाभोवती आळे करणाऱ्यांना त्यामागील तत्त्व नव्याने सांगावे लागणार नाही. पाणी साचावे, पण दिवसभरात जिरून जावे, एवढेच त्याचे काम. पाणी आठवडाभर साचून राहिल्यास तेथे डासांची पैदास होते.

म्हणूनच खोदण्यापूर्वी जमीन तपासावी. निवडलेल्या जागी फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा, कारण कोरडी माती पहिले पाणी लगेच शोषून फसवते. दुसऱ्या खेपेचे पाणी २४ तासांत जिरले, तर जागा योग्य. खाली जांभ्याचा अखंड कातळ लागल्यास दुसरी जागा शोधावी. खाजनालगत, जेथे पावसाळ्यात भूजल वरपर्यंत येते, तेथे हा उपाय चालत नाही. घराच्या पायापासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे. शौचालयाचा शोषखड्डा आणि मोठ्या झाडांची मुळे टाळावीत.

आकाराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे १००० लिटर पाणी जमते. ते सामावून घेण्यास १० चौरस मीटरची, सरासरी १० सेंटिमीटर खोलीची बाग पुरते. आषाढातील मुसळधार पाऊस मात्र तिच्यात मावणार नाही. त्यामुळे जादा पाणी सुरक्षित बाजूला नेणारी वाट ठेवणे अनिवार्य आहे; ती शेजाऱ्याच्या कुंपणाकडे किंवा विहिरीकडे नसावी.

खोदकाम मे महिन्यात उरकावे. तळ सपाट ठेवावा आणि निघालेल्या मातीचा उताराच्या बाजूस बुटका बांध घालावा. तळाच्या मातीत जाड वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. पन्हळीचे पाणी जेथे पडते, तेथे दगड मांडल्यास धार मोडते आणि माती वाहून जात नाही.

पहिल्या सरींनंतर लागवड करावी. मध्यभागी अळू व कर्दळ, उतारावर वाळा आणि कडेच्या कोरड्या भागात गवती चहा, अशी मांडणी योग्य ठरते. अळूचे कंद उन्हाळ्यात मातीत निपचित राहून पावसाबरोबर पुन्हा फुटतात, तर वाळ्याची खोल मुळे माती धरून ठेवतात.

पुढील देखभाल म्हणजे साचलेला पालापाचोळा काढणे आणि जादा पाण्याची वाट मोकळी ठेवणे. एका बागेने विहीर भरत नाही. पण पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी खड्डा रिकामा दिसला, तर तेवढे पाणी गटारात न जाता आपल्याच जमिनीत मुरले, याची खात्री बाळगावी.