परमुलखातील वाढदिवस



वाढदिवसाच्या दिवशी माणसाला स्वतःचे औक्षण स्वतः करता येत नाही. पाट मांडता येईल, त्याभोवती रांगोळी काढता येईल, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी आणि अक्षता ठेवता येतील. परंतु ते ताम्हण ओवाळावयास दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत आई किंवा वडील मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करून आशीर्वाद देतात. तो आशीर्वादही दुसऱ्याकडूनच यावा लागतो. घरदार सोडून दूर देशी गेलेल्या माणसाला त्या दिवशी जे उणे भासते, ते नेमके हेच होय. पेढे कोठेही विकत मिळतात. ओवाळणारा हात विकत मिळत नाही. मग अशा माणसाने वाढदिवस कसा पाळावा, आणि त्याच्या घरच्यांनी व शेजाऱ्यांनी त्या दिवशी काय करावे, याविषयी आज चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

परमुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंड-अमेरिका येते. परंतु आज बडोद्यात राहणाऱ्या अनेक मराठी घराण्यांच्या पूर्वजांना एके काळी हे बडोदेच परमुलूख होते. खुद्द श्रीमंत सयाजीराव महाराज हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना बडोद्यास आणण्यात आले आणि २७ मे १८७५ रोजी ते राजघराण्यात दत्तक गेले. त्यानंतरचा पहिला वाढदिवस, म्हणजे तेरावा, आला तेव्हा त्या मुलाचे गाव, आईबाप आणि नावसुद्धा बदललेले होते. राजवाड्यात वैभवाला तोटा नव्हता. तरी परक्या गावातील पहिला वाढदिवस तो हाच. आमच्या प्रतापनगरात रेल्वेच्या वडोदरा विभागाचे मुख्य कार्यालय आहे. बदलीवर येणाऱ्याजाणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. मुलाचा वाढदिवस आला की आई विचारते, 'इथे बोलवायचे तरी कोणाला?' समुद्र ओलांडून गेलेल्याच्या मनात हाच प्रश्न अधिक मोठा होऊन उभा राहतो.

दूर गेलेल्या माणसापुढे पहिली अडचण येते ती दिवस ठरविण्याची. आपल्याकडे पुष्कळांना एक सोडून तीन वाढदिवस असतात. एक पंचांगातला, एक दिनदर्शिकेतला आणि एक शाळेच्या रजिस्टरातला. जुन्या पिढीतील अनेकांची नोंदलेली जन्मतारीख १ जून अशी आढळते. मुलाला शाळेत घालताना वय बसावे म्हणून ती तारीख सोयीने लिहिली जाई. पुढे तीच पारपत्रावर उतरते. मग परदेशातील कचेरीतले लोक १ जूनला शुभेच्छा देतात, आणि आई आपल्या हिशेबाने श्रावणातल्या कुठल्याशा तिथीला दूरध्वनी करते. कागदाने सांगितलेला दिवस लोक पाळतात आणि जिने जन्म दिला ती आपला दिवस पाळते.

तिथी आणि तारीख यांचा मेळ का बसत नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणून तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि साधारणतः बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास धरून ती पुन्हा जागेवर आणली जाते. एकोणीस सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांच्या कालावधीत सुमारे दोन तासांचाच फरक आहे. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवशी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, फार तर एखादा दिवस इकडे तिकडे. परदेशी मात्र आणखी एक गुंता होतो. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. पण दिवसाला तिथी द्यावयाची ती सूर्योदयावरून, आणि सूर्योदय जागोजागी वेगळ्या वेळी होतो. त्यामुळे येथील पंचांगातील तिथी तेथे कधीकधी एक दिवस पुढेमागे होते.

घड्याळाचीही अशीच गोष्ट आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. बडोद्यात मध्यरात्री बारा वाजता नातलग हौसेने शुभेच्छा देतात, तेव्हा तेथे आदल्या दिवशीचे दुपारचे दीड वाजलेले असतात. उलट तेथे वाढदिवसाच्या संध्याकाळी मित्र जमतात, तेव्हा येथे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असते. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणे अशुभ समजतात. आपल्या मध्यरात्री तेथे हिवाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तेव्हा तेथे शिकणाऱ्या मुलाला आपण मध्यरात्री गाठले, तर त्याच्या घरमालकिणीच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे! म्हणून दूरच्या माणसाला शुभेच्छा देताना आपले घड्याळ बाजूला ठेवून त्याचे पाहावे. त्याची सकाळ होऊ द्यावी.

या सोयी नव्हत्या त्या काळी काय होत असेल? डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. अठरावे वर्ष पुरे झाल्यावर अवघ्या आठवड्याने, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास. पती गोपाळराव मागे राहिले होते. त्यानंतरचे तीन वाढदिवस, एकोणिसावा, विसावा आणि एकविसावा, अमेरिकेतच आले. तिथी आणि तारीख ज्या एकोणिसाव्या वर्षी पुन्हा गळाभेट घेतात, ते वर्ष त्यांना माहेर-सासरापासून हजारो कोसांवर पुरे करावे लागले.

परंतु त्या एकाकी नव्हत्या. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याच्या दाराशी वाट पाहत असता एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता. एका अनोळखी हिंदू मुलीला शिकावयाचे आहे एवढ्यावरून त्यांनी पत्र लिहिले, स्नेह जुळविला आणि पुढे तिला आपल्या घरी उतरवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते; आणि त्या मावशीने हे नाते धर्मावाचून अडू दिले नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या; पण क्षयाने पोखरलेला देह टिकला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस अवघ्या महिन्यावर आला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. परमुलखात नाते जडू शकते की नाही, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

आता आपल्या बडोद्याशी जोडलेले दुसरे उदाहरण पाहा. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आई लहानपणीच गेलेली. वडीलही त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तलेले. १९१४, १९१५ आणि १९१६ सालचा १४ एप्रिल त्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्क शहरात आला. पुढे शतकानंतर, २०१६ साली, त्याच शहरातील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य कचेरीत त्यांची १२५ वी जयंती पाळण्यात आली. परगावी एखाद्या खोलीत एकटाच बसून अभ्यास करणारा मुलगा कोण होणार आहे, हे त्या दिवशी शेजाऱ्यांना कळत नसते. त्याची विचारपूस करावयाची ती यासाठी नव्हे, हे खरे. तथापि हे ध्यानात असलेले बरे.

वाढदिवशी कोणी कोणाला द्यावे, याविषयीही देशोदेशींच्या चाली भिन्न आहेत. जर्मनीत ज्याचा वाढदिवस त्यानेच कचेरीत केक न्यावयाचा असतो. इतरांनी आपल्याला मेजवानी द्यावी अशी वाट पाहत बसणाऱ्या आपल्या माणसाचा दिवस तेथे कोरडाच जाईल. हॉलंडमध्ये ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर त्याच्या आईबापांचे, भावंडांचेही अभिनंदन करतात. कोरियात त्या दिवशी समुद्री शेवाळाचे सार पितात. हे सार तेथे बाळंतिणीला देतात. आपण बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतो, तशातलेच ते. म्हणजे आपल्या वाढदिवशी कोरियन माणूस आईच्या बाळंतपणाचे अन्न खातो. परक्या देशात गेलेल्याने अशा चाली हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांतून त्या समाजात शिरण्याची वाट सापडते.

आमच्या ख्रिस्तसभेची परंपरा येथे एक वेगळा विचार सुचविते. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो आणि त्या दिवसाला लॅटिन भाषेत 'दिएस नातालिस', म्हणजे जन्मदिन, असे म्हणतात. मृत्यूच्या दिवशी ते स्वर्गात जन्मले, अशी ही भावना. गोव्यात ३ डिसेंबरला ज्यांचा सण होतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेस नव्हार प्रांतात झाला. पस्तीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, ७ एप्रिल १५४१ रोजी, त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. पुढचा वाढदिवस गोवा गाठण्यापूर्वीच, प्रवासात आला. कारण गोव्यास ते ६ मे १५४२ रोजी पोहोचले. नंतर ते मायदेशी परतले नाहीत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर त्यांनी देह ठेवला. ज्या भूमीत ते परके म्हणून उतरले, तेथील लोक त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि त्यांचा दिवस आपल्या घरचा म्हणून पाळतात. आयुष्य ज्यांच्यासाठी वेचले त्यांनी त्यांना आपलेसे केले.

तेव्हा परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींना मी एवढेच सुचवीन की वाढदिवसाच्या दिवशी खोलीचे दार लावून घरच्यांच्या दूरध्वनीची वाट पाहत बसू नका. रवा आणि साखर सर्वत्र मिळते. शिरा करा आणि आपल्यासारख्याच एकट्या माणसाला जेवावयास बोलवा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. अशा ठिकाणी आपली बोली बोलणारी माणसे भेटतात, त्यांचा लाभ घ्यावा. पण शेजारच्या परभाषी म्हातारीला वगळून मात्र नको. कार्पेंटरबाई मराठी नव्हत्या.

आणि घरी राहिलेल्यांनी, 'केक कसला आणलास?' असे विचारण्यापेक्षा 'जेवायला तुझ्याबरोबर कोण होते?' असे विचारावे. उत्तर देताना मूल घुटमळले, तर त्याची दुसऱ्या दिवशीही आठवण ठेवावी. आखातात कामावर गेलेला गवंडी किंवा जहाजावरचा खलाशी यांच्या घरच्यांनी तर एखादे पत्र हाताने लिहून आधीच पाठवावे. आवाज ऐकून संपतो. पत्र उशाखाली ठेवता येते.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःसंबंधी. आपली मुले जशी दूर गेली आहेत, तशी दुसऱ्यांची मुले आपल्या गावी आली आहेत. आपल्या सयाजीराव विद्यापीठात परदेशी विद्यार्थी शिकतात. बिहार-ओडिशाकडील तरुण येथे कामधंद्यास येतात. रेल्वेच्या वसाहतीत नव्याने बदलून आलेले कुटुंब असते. आपल्या मुलीला फिलाडेल्फियात कोणी मावशी भेटावी अशी इच्छा धरणाऱ्या आईने प्रतापनगरात कोणाची तरी मावशी व्हावयास हवे. त्यासाठी शेजारच्या त्या मुलाची जन्मतारीख एकदा विचारून घ्यावी, दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि त्या दिवशी सकाळी वाटीभर शिरा घेऊन त्याचे दार वाजवावे.