मूत्र-असंयम आणि मूलपेशी : प्रयोगशाळेपासून वैद्याच्या दारापर्यंत

हृदय, शिर आणि बस्ति या तीन मर्मांना आयुर्वेदाने विशेष महत्त्व दिले आहे. त्यांपैकी बस्तीच्या एका व्याधीविषयी मात्र रुग्ण आपणहून बोलत नाही आणि बहुधा वैद्यही विचारीत नाही. ती व्याधी म्हणजे लघवीवरील ताबा जाणे. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत व्यवसाय करताना तिचे प्रमाण किती असावे याचा अंदाज आम्हांस फार उशिरा आला, हे प्रथमच कबूल करणे योग्य ठरेल.

एकदा भातकापणीच्या आधी वेल्ह्याकडील एका वाडीतून पन्नाशीच्या एक बाई आमच्या दवाखान्यात आल्या. तक्रार सांगितली ती कंबरदुखीची. औषध घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरून हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, शिंक आली तरी लुगडं भिजतंय. आठ वर्षं झाली." मग त्यांनी घडी घातलेला एक कागद पुढे केला. शहरात नोकरीस असलेल्या मुलाने पाठविलेली ती जाहिरात होती. प्राण्यांच्या 'स्टेम सेल'पासून बनविलेल्या कॅप्सूल घेतल्यास सैल पडलेले स्नायू पुन्हा तरुण होतात, असा तिच्यात दावा होता. त्यासाठी दोन शेळ्या विकण्याची बाईंची तयारी होती. "घेऊ का?" एवढेच त्यांनी विचारले.

"तूर्त थांबा, मावशी," असे आम्ही म्हणालो खरे. पण का थांबावे, याचे नेमके उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते व्यवसायबंधूंपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

प्राण्यांच्या ऊतीतून मूलपेशी कशा वेगळ्या करतात?

स्नायूच्या तंतूला चिकटून काही सुप्त पेशी असतात आणि इजा झाल्यावर त्या जागृत होऊन नवा स्नायू घडवितात. या पेशी १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिल्या. मूत्रमार्गाचे दार मिटणारा संवरणी स्नायू दुबळा झाला असेल, तर अशाच पेशी तेथे नेऊन सोडाव्यात, ही या उपचारामागील मूळ कल्पना होय.

प्रयोगासाठी उंदराच्या पायातील स्नायूचा लहान तुकडा घेतात. त्यावरील चरबी व कंडरा काढून तो बारीक चिरतात आणि कोलॅजिनेज, डिस्पेज व ट्रिप्सिन या विकरांच्या द्रावणात शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानात ठेवतात. त्यामुळे पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळतात व पेशी सुट्या होतात. हे मिश्रण पात्रात ओतले म्हणजे तंतुजनक पेशी तास-दोन तासांत तळाला चिकटतात. न चिकटलेल्या पेशी दुसऱ्या पात्रात, तेथून तिसऱ्या पात्रात, असे पाच-सहा दिवस चालते. सर्वांत उशिरा चिकटणाऱ्या मोजक्या पेशींत मूलपेशींचे प्रमाण अधिक असते. पुढे पोषक द्रवात त्यांची संख्या वाढवितात. त्या द्रवात पुष्कळदा गायीच्या गर्भाच्या रक्तातील सीरम घातलेले असते, हेही आपणांस ठाऊक असावे.

ही विद्या आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. पुण्यातील गणेशखिंडीच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात प्राण्यांच्या पेशींचा संग्रह जोपासला जातो व तेथून संशोधकांना पेशी पुरविल्या जातात. मात्र तेथील काम संशोधनाचे आहे. दवाखान्याच्या फडताळात ठेवावयाच्या औषधाचे नव्हे.

उंदरापासून माणसापर्यंत

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मायकेल चॅन्सेलर व जॉनी ह्युआर्ड यांच्या गटाने या विषयावर बरेच काम केले. उंदराच्या मागच्या पायाकडे जाणारी मोठी नस कापून त्याचा संवरणी स्नायू दुबळा केला आणि मूत्रमार्गाच्या बाजूला या पेशी टोचल्या. किती दाब आल्यावर मूत्र गळते याचे मोजमाप केले असता, पेशी टोचलेल्या उंदरांत चार आठवड्यांनी तो दाब सुधारलेला आढळला. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला.

येथे थोडे थांबले पाहिजे. उंदीर चार पायांवर चालतो. त्याच्या बस्तीवर उभ्या शरीराचा भार नाही. त्याची इजा एका दिवसाची व ताजी होती. आमच्या मावशींची इजा चार बाळंतपणांची, डोक्यावरील हंड्यांची, सरपणाच्या मोळ्यांची आणि चुलीच्या धुराने जडलेल्या खोकल्याची होती. शिवाय एका प्राण्याच्या जिवंत पेशी दुसऱ्या जातीच्या शरीरात घातल्यास ते शरीर त्यांना परके मानून नष्ट करते, आणि प्राण्यातील विषाणू माणसात येण्याचा धोका उरतोच.

म्हणूनच माणसांवरील चाचण्यांत प्राण्यांच्या पेशी न वापरता रुग्णाच्याच स्नायूतील पेशी वापरल्या गेल्या. २००८ साली टोरंटो येथील तज्ज्ञांनी आठ स्त्रियांवर असा प्रयोग केला. त्यांतील पाच जणींना, तोही काही महिन्यांनी, लाभ दिसला. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील अतिशय आशादायक निष्कर्ष 'लॅन्सेट'ने २००७ मध्ये छापले होते. पण तपासणीत गंभीर अनियमितता आढळल्याने २००८ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पेशींऐवजी नुसते द्रावण टोचलेल्या स्त्रियांतही इतकी सुधारणा दिसली की पेशींचा म्हणून वेगळा लाभ दाखविता आला नाही. तात्पर्य, संशोधन चालू आहे, पण सिद्ध उपचार हाती आलेला नाही.

कॅप्सूलचे काय?

मेंढीची वार, हरणाची वार, इतकेच काय पण सफरचंद यांच्या नावे 'स्टेम सेल' कॅप्सूल व पावडरी विकल्या जातात. समानाने समानाची वृद्धी होते हा आपला सिद्धान्त त्यांच्या समर्थनार्थ पुढे केला जातो, म्हणून येथे खुलासा आवश्यक आहे. मांसाने मांसधातूचे पोषण होते ते जाठराग्नी व धात्वग्नी यांच्या पाकानंतर. पचन झाल्यावर कोणतीही पेशी जिवंत उरत नाही. मग ती मूत्रमार्गापर्यंत पोहोचून स्नायू कसा घडविणार? नक्तांध्यात शेळीचे यकृत सांगणारे आपले आचार्य त्याला द्रव्य म्हणून देत होते, जिवंत पेशी म्हणून नव्हे. शास्त्राचे नाव घेऊन अशास्त्रीय माल विकला गेला, तर उद्या अविश्वास आपल्याच वाट्याला येईल.

नियमही स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसारख्या मान्य कारणांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर मंजूर चाचणीतच करता येतो. रुग्णाला एवढेच सांगावे : क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा क्रमांक विचारा, आणि चाचणीच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर तेथून उठून या.

आपल्या हातात काय आहे?

प्रथम, विचारणे. कंबरदुखी, अंगावर जाणे, जुना खोकला यांसाठी आलेल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीला 'खोकताना, ओझे उचलताना लघवी सुटते का?' हे विचारावे. दुसरे, भेद करणे. खोकताना गळणारे वेगळे, घाई होऊन वाटेतच सुटणारे वेगळे आणि भरलेल्या बस्तीतून ओसंडणारे वेगळे. मधुमेह व मूत्रातील जंतुदोष तपासून घ्यावेत. रक्त जात असेल, अवघड बाळंतपणानंतर सतत गळत असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर वेळ न दवडता भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा ससूनला पाठवावे.

तिसरे, व्यायाम. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली श्रोणीतळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. आपल्याकडील अश्विनीमुद्रा व मूलबंध यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. एका वेळी आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. एवढी शिस्त पाळल्यास खोकताना लघवी सुटणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना उतार पडतो. त्यास बद्धकोष्ठ व कासाची चिकित्सा, अपानाचे अनुलोमन आणि बल्य द्रव्यांची जोड द्यावी. भातलावणीच्या दिवसांत आडोसा नसल्याने बायका तासन्‌तास वेगधारण करतात व त्यासाठी पाणीही पीत नाहीत. याविषयीही घरच्यांशी बोलले पाहिजे.

मावशींना आम्ही हेच दिले, आणि आमच्या घरातील भगिनी वैद्यांनी त्यांना व्यायाम शिकविला. साडेतीन महिन्यांनी त्या आल्या. पूर्ण बरे वाटले असे नाही. जोराची उबळ आली तर अजूनही थेंब जातो. परंतु कित्येक वर्षांनी प्रथमच त्या एस.टी.ने माहेरी जाऊन चार दिवस राहून आल्या होत्या. शेळ्या गोठ्यातच आहेत.

मूलपेशींचे संशोधन उद्या फळास आले तर त्याचे स्वागतच करू. तोवर दारातून परत फिरून बोलणाऱ्या रुग्णाची वाट न पाहता आपणच तिला आधी विचारावे, आणि औषधविक्रेत्या बंधूंनी अशा कॅप्सूल दुकानात ठेवण्यापूर्वी विक्रेत्याकडे पुरावा मागावा, एवढीच विनंती.