उपग्रह प्रतिमांतून रस्त्यांची स्वयंचलित ओळख

लँडसॅटच्या ३० मीटर विभेदनाच्या प्रतिमेत सात मीटर रुंदीचा रस्ता एका चित्रबिंदूपेक्षाही अरुंद असतो. दिसलाच तर पुसट रेषेसारखा. १९९९ साली प्रक्षेपित झालेल्या इकोनॉस उपग्रहाच्या एक मीटर विभेदनाच्या प्रतिमेत तोच रस्ता सात चित्रबिंदूंचा पट्टा झाला. तपशील वाढल्याने संगणकाचे काम सुकर होईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. पट्ट्यावर आता वाहने दिसू लागली, झाडांच्या सावल्याही दिसू लागल्या. शिवाय काँक्रीटचा रस्ता आणि शेजारचे काँक्रीटचे छप्पर प्रकाश जवळजवळ सारखाच परावर्तित करतात. त्यामुळे आकार व सभोवतालचा संदर्भही विचारात घ्यावा लागतो. व्होलोदिमिर म्निह व जेफ्री हिंटन यांनी २०१० साली कृत्रिम चेताजालाला हाच विस्तृत संदर्भ पुरविण्याची पद्धत मांडली.

त्याच वर्षी जानेवारीत हैतीतील भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह प्रतिमांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते हातांनी रेखाटले व मदतपथकांनी तो नकाशा वापरला. अशा प्रसंगी अचूकतेचा नेहमीचा हिशेब अपुरा पडतो. दहा किलोमीटर रस्त्यातील वीस मीटर झाडांखाली सुटले, तर चूक अवघी ०.२ टक्के, परंतु नकाशावरचा मार्ग तुटतो. म्हणून तुटलेली टोके जोडण्याची स्वतंत्र प्रक्रिया करतात. ती सरसकट केल्यास खरोखर कोसळलेला पूलही नकाशात शाबूत दिसतो.